दगड लावणारे, दगड काढणारे

नसरापूरच्या पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सहा दिवस मी बायकांची मापं घेते आणि रविवारी डोंगरात जाऊन दगड उचलते. गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, रविवारी बंद का?" मी सांगते, "वाट दुरुस्त करायला जाते." "कुठली वाट?" "सायकलची." यावर बहुतेक जणी माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतात आणि ब्लाउज कधी मिळेल ते पुन्हा एकदा विचारून घेतात.

सायकलचं खूळ मला पन्नाशीला टेकता टेकता लागलं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि त्याची जाड टायरांची सायकल पडवीत धूळ खात राहिली. विकायची म्हणून पुसायला घेतली, आणि पुसली आहेच तर एक चक्कर मारून बघू म्हणून बसले. ती चक्कर अजून चालूच आहे. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "पडलीस तर मला सांगत येऊ नकोस." मी म्हटलं, "सांगायला येण्याइतकी धड राहिले तर बघू."

डांबरी रस्त्याचा मला लवकरच कंटाळा आला. मग डोंगरातल्या वाटांवर गेले आणि तिथे ही मंडळी भेटली. आम्ही पाच जण आहोत. एक डॉक्टर, दातांचे. आठवडाभर लोकांचे दात उपटतात आणि रविवारी दगड बसवतात. एक काका, एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. कुठल्याही बिघाडावर त्यांचा पहिला उपाय चहा. आणि कामथडीचे दोघे भाऊ, ज्यांच्या स्वतःच्या रानात ढीगभर काम पडलेलं असतं, तरी रविवारी फावडी घेऊन हजर. त्यांची आई त्यांना रोज ऐकवते, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." पाचवी मी. मला राग पटकन येतो, हे इतर चौघं तुम्हाला न विचारता सांगतील.

वेल्ह्याच्या रस्त्याने थोडं आत गेलं की डोंगराची एक सोंड खाली उतरते. वर सपाटीवर धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती आहे, म्हशी, गाई, थोड्या शेळ्या. तिथून खाली ओढ्यापर्यंत गुरांची जुनी वाट होती. वस्तीला विचारून आम्ही ती सायकलींसाठी नीट करत आणली. पावसाळ्यात अशा वाटेचा ओढा होतो. म्हणून पाणी वाटेवरून धावू नये, बाजूला उतरावं, यासाठी तिरपे चर काढायचे. खेकडे कडा पोखरतात, त्या पुन्हा बांधायच्या. पाऊस संपला की वाटेत वाकलेली कारवी छाटायची, गवत कापायचं, आणि बाभळीचे काटे एकेक वेचायचे, कारण एक काटा राहिला तर एक ट्यूब गेली. आमचा एक नियम आहे. ज्याने दगड बसवला त्याने त्यावर उभं राहून नाचून दाखवायचं. दगड हलला की उपटून पुन्हा बसवायचा. डॉक्टर फार गंभीर चेहऱ्याने नाचतात. काका गाणं म्हणतात. लांबून बघणाऱ्याला आम्ही अंगात आलेले लोक वाटत असणार.

पुण्याहून मुलंमुली येतात, वाऱ्यासारखी खाली जातात, ओढ्यात पाय सोडून बसतात आणि म्हणतात, "काय भारी वाट आहे!" ती कुणी केली हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. काका म्हणायचे, "अहो ताई, वाटेत खड्डा लागला असता तर आपली आठवण काढली असती. आता सुखानं जातायत, जाऊ द्या." पगार नाही, हार-तुरे नाहीत, पाठ मात्र सोमवारी धरलेली. तरी पुढच्या रविवारी पाचही जण हजर. मला ही माणसं फार आवडतात आणि मी त्यांना ते कधी सांगितलेलं नाही, कारण आमच्यात एकमेकांना शिव्याच घालायची पद्धत आहे.

वाटेचा सगळ्यात अवघड तुकडा वस्तीच्या जरा खाली आहे. तिथे उतार एकदम तुटतो. दोन-तीन मोठे धोंडे मुळातच होते, त्यांच्यामध्ये आम्ही लहान-मोठे दगड बसवून वाकड्यातिकड्या पायऱ्यांसारखं केलं. सायकलवर बसून या दगडांवरून धडधडत उतरायचं, यातच तर सगळी मजा. त्या जागेला आम्ही नाव ठेवलंय, सासूबाई. तिच्यासमोर घाबरलं तरी संपलं आणि उर्मटपणा केला तरी संपलं.

मी घाबरले. गेल्या वर्षीची गोष्ट. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून एकटीच वर गेले होते. सासूबाईच्या तोंडाशी आले, खाली बघितलं आणि पुढचा ब्रेक दाबला. सायकल थांबली, मी नाही थांबले. खांद्याचं पुढचं हाड मोडलं. ओरडले तेव्हा पहिली धावत आली ती वस्तीवरची मावशी. साठीची असेल, काटक, हातात काठी, मागे तीन म्हशी. आल्या आल्या तिने मला उचललं नाही, आधी झापलं. "किंकरातीला कुणी भाईर पडतं व्हय? आन हे काय वय हाय का तुजं?" झापता झापताच डोक्याचं फडकं सोडून माझा हात गळ्यात बांधला. वस्तीवरच्या बाप्यांनी मला घोंगड्यात घालून रस्त्यापर्यंत आणलं. मावशी सगळी वाट माझ्याबरोबर चालत आणि बोलत आली. मी रडायला लागले की तिला आणखी चेव यायचा.

दोन महिने कात्री धरता आली नाही. लग्नसराई हातची गेली. हाड जुळलं, रविवारी मी पुन्हा फावडं घेऊन जायला लागले, नंतर सायकलही चालवायला लागले. पण सासूबाईपाशी आले की उतरायचे. इतर चौघं धडधडत खाली जायचे आणि मी कडेकडेने सायकल हातात धरून, लेकराला शाळेत नेल्यासारखी, चालत यायचे. कुणी काही बोलायचं नाही. टोमणे मारण्यात पटाईत असलेली माणसं नेमकी तिथेच गप्प बसायची, आणि ते मला जास्त लागायचं. मला त्या दगडांवरून एकदा सायकलवर बसून उतरायचं होतं. बाकी मला त्या डोंगराकडून काही नको होतं.

म्हणून त्या तुकड्याची देखभाल मी माझ्याकडे घेतली. म्हटलं, सारखा हात लावला की भीती मोडेल. पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. दर रविवारी जावं तर तिथले एक-दोन दगड गायब. मोठे धोंडे जागेवर, पण मधले, हातांनी उचलता येतील असे, नेमके नाहीसे. मी ओढ्यातून नवे आणायचे, बसवायचे, नाचायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, गुरांच्या पायांनी घरंगळत असतील. मला ते पटलं, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं. एकदा मावशीच्या म्हशींना वाटेत गाठून मी चांगली हजेरी घेतली. त्या रवंथ करत ऐकत राहिल्या. मावशी नसायची, रविवारी ती तूप घेऊन खाली लेकीकडे जायची. एकदा मधल्या वारी ती पेठेत दिसली तेव्हा मी तिलाही सुनावलं, "मावशी, तुमच्या म्हशी आमच्या वाटेवर धुडगूस घालतात." ती मान डोलावून म्हणाली, "व्हय गं बाई, लई वांड झाल्यात." आणि मला चहा पाजला.

यंदाच्या थंडीत आम्ही ठरवलं की वाट आता लोकांना बोलावण्यासारखी झाली आहे. एका रविवारी पुण्या-साताऱ्याच्या सायकलवाल्यांना आमंत्रण दिलं. मी मनाशी ठरवलं, त्या दिवशी उतरायचं. सगळ्यांसमोर. चौघांना सांगितलंही, म्हणजे मागे फिरायला जागा राहू नये. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलं तर मी कामाचा नाही, दात पडला तर बघतो."

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही पाचही जण चुन्याच्या खुणा करत वस्तीवरून खाली निघालो. वळण घेतलं आणि मी जागीच थांबले.

सासूबाई नव्हती. एकही दगड नव्हता. मोठे धोंडेसुद्धा पहारीने हलवून बाजूला लोटलेले. सगळ्या उतारावर मुरूम टाकून, चोपून, लग्नघरच्या अंगणासारखी गुळगुळीत घसरगुंडी केलेली. आणि त्यावर शेणाचा सडा. कडेने रांगोळीची दोन बोटं ओढलेली.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज ऐकून वरून मावशी आली. पदर खोचलेला, चेहरा असा खुललेला, जणू मुलीचं लग्न ठरलंय.

"आलीस? बग, कसं केलंय!"

"मावशी, हे कुणी केलं?"

"आमीच. इर्जिक घातली न्हवं का म्या! परवा समद्या वस्तीला बोलावलं. बाप्ये पहारी घिऊन आलं, बाया घमेली घिऊन. दुपारपातूर झालं बी."

इर्जिक म्हणजे काय ते कामथडीच्या भावांना सांगावं लागलं नाही. आमच्याकडे एखाद्याचं काम त्याला एकट्याला उरकणारं नसलं की तो गावाला हाक घालतो. माणसं अवजारं घेऊन येतात, एका दिवसात काम फत्ते करतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम असेल त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, एवढीच रीत.

"पण मावशी, काम कुणाचं? तुम्ही का घातलीत?" मी अजून ओरडतच होते. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगाया कशाला पायजे?" तिला माझ्या ओरडण्याचं काही वाटलं नाही. "तू हितं पडलीस तवा म्या बगितलं न्हाई का? त्या दिसापास्नं म्या हितनं जाता-येता एक-एक दगड काढून टाकतीया. पर काय झालंय, आज काढावा तर आठ दिसांनी पुना नवा हजर! वानरं लई माजल्यात, वरनं लोटून देत्यात. म्हनलं उद्या ही बाई पाव्हणं घिऊन येनार, पुना पडायची. मोटं धोंडं मला एकलीला हलंनात, म्हनून मग हाक घातली."

आधी काका खाली बसले. त्यांना उभं राहून हसणं झेपेना. मग दोघे भाऊ. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले. मी मावशीकडे बघत राहिले. वर्षभर मी रविवारी दगड लावत होते आणि ती बाकीच्या दिवसांत काढत होती. मी म्हशींना शिव्या देत होते, ती वानरांना. तिने कारवी बाजूला करून दाखवलं. आत माझे सगळे दगड होते, जळण रचावं तसे नीट एकावर एक. ओढ्यातून छातीशी धरून आणलेला प्रत्येक दगड मी ओळखला.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तिथेच त्या सड्यावर बसले आणि रडायला लागले. मावशीला वाटलं, मला पुन्हा कुठे लागलं.

"मावशी," मी म्हटलं, "ते दगड मीच ठेवत होते."

"तू?"

"मला त्यांच्यावरून सायकलनं उतरायचंय."

"दगडावरनं? मुद्दाम?" तिने काकांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना हे विचारावं तसं. दोघांनी होकाराच्या माना डोलावल्या. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आन ह्ये आदी सांगायला काय झालतं?"

डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, एवढ्या प्रेमाने केलंय, उद्या असंच राहू दे. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. ते बरोबर बोलत होते. मी बाहीने डोळे पुसले. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "न्हाई. हिला उतरायचं हाय न्हवं? मग दगड पुना लावायचं. पर आता इर्जिक तू घाल. काम तुजं, जेवान तुजं."

मी मोबाईलची रेंज शोधत डोंगराच्या धारेवर चढले आणि घरी फोन लावला. ह्यांना सांगितलं, उद्या दुपारी पन्नास माणसांचा मसालेभात पाहिजे. म्हणाले, "पडलीस का?" मी म्हटलं, "अजून नाही." "मग ठीक आहे," म्हणाले, "मठ्ठा पण करायचा का?"

रविवारी उन्हं वर यायच्या आत वस्ती हजर होती. सायकलवाले आले तेव्हा त्यांना कळेना की हा काय प्रकार. काकांनी त्यांच्या सायकली झाडांना टेकवायला लावल्या आणि हातात घमेली दिली. वाऱ्यासारखी खाली जाणारी ती पोरं पहिल्यांदाच त्या उतारावर थांबली, वाकली, दगड कसा बसतो ते बघायला लागली. वस्तीवरचे बाप्ये स्वतःच ढकललेले धोंडे हसत हसत परत आणत होते. एकजण म्हणाला, "काडायचं बी आमीच, लावायचं बी आमीच, शहाणं कोन म्हनंल का आमाला?" नाचायचा नियम कळल्यावर तर विचारूच नका. पहिल्यांदा बाया लाजल्या, मग एका दगडावर तिघी-तिघी. मावशीने प्रत्येक दगड स्वतः तपासला. काठी रोवून उभी राहायची, दोनदा दणादण पाय आपटायची आणि म्हणायची, "ह्यो चालंल." दोन दगड तिने नापास केले. तिचं बरोबर होतं, दोन्ही हलत होते.

दुपारी खाली मसालेभाताचा टेम्पो आला. आमचे हे पातेल्याजवळ वाढायला उभे राहिले, शर्टाच्या बाह्या दुमडून. वस्ती आणि पाहुणे मांडीला मांडी लावून जेवले. मी ताट तसंच ठेवून सायकलचे ब्रेक तपासत बसले.

जेवणं झाल्यावर एकेक जण उतरायला लागला. प्रत्येकाला वस्तीवाल्यांकडून आरोळी मिळत होती. मग सगळे उतरले आणि वर मी एकटी राहिले. खाली दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि अगदी पायथ्याशी मावशी. तिने हात पसरलेले. मी अंगावर कोसळले तर ती मला झेलणार होती, साठीची बाई. पन्नाशीच्या बाईने हे करायची काही एक गरज नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि तरी मला ते करायचं होतं.

मी सीटच्या मागे सरकले, पुढच्या ब्रेकवरचं बोट उचललं आणि सायकल उतारावर सोडली.

पहिला धोंडा, दुसरा, मग माझे दगड, एकामागून एक, हातातून पार दातांपर्यंत धडधड, आणि एकही हलला नाही. मग सपाट माती. सायकल धावतच राहिली. कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. पुढे जाऊन वळले आणि धापा टाकत मावशीपाशी आले.

मावशी अजून हात पसरूनच उभी होती. डोळे गच्च मिटलेले.

"मावशी, झालं. उतरले मी."

तिने एक डोळा उघडला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझा तो जुना खांदा चाचपला. मग दुसरा डोळा उघडला. दोन्हींतून पाणी वाहत होतं.

"उतरलीस? खरंच?" तिने मागे वळून त्या दगडांकडे बघितलं आणि काठीने मला वरची वाट दाखवली. "मग जा, पुना ये. म्या बगितलंच न्हाई."

मी सायकल वळवली आणि ढकलत वर चढायला लागले.